चोकवर चालणाऱ्या गाडीला पिस्टन-बोअरचे बिल

वडिलांनी १९९४ साली घेतलेली यामाहा आरएक्स १०० ही मोटारसायकल मी नोकरीनिमित्त नाशिकला असताना कराडजवळच्या आमच्या घरी, पडवीत, दहा महिने नुसती उभी होती आणि जाताना पेट्रोलचा कॉक बंद करायचे माझ्याकडून राहून गेले होते. परतल्यावर किक मारली, तर चोक (थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा खटका) लावल्याशिवाय ती सुरूच होईना. चोक लावला की व्यवस्थित चालायची आणि काढला की दोन-तीन सेकंदांत बंद पडायची. ही खूण वाचणाऱ्याने नीट ध्यानात ठेवावी, कारण पुढे माझे ७,४०० रुपये गेले ते तिचा अर्थ मला कळला नाही म्हणूनच.

जवळच्या एका गॅरेजवाल्याने दोन किका मारून पाहिल्या आणि लगेच निदान सांगितले, "दादा, कॉम्प्रेशन गेलंय. पिस्टन-बोअर करावा लागेल, आणि कार्बोरेटरची बॉडी पण संपलीय, नवीनच टाकू." म्हणजे इंजिनातला दाब गेला, सिलिंडर आतून घासून नवा पिस्टन बसवायचा आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण करणारा कार्बोरेटरही बदलायचा. मी गाडी तिथे सोडून आलो. चार दिवसांनी ती चोकशिवाय सुरू झालेली पाहून मला समाधानच वाटले आणि बोअरचे ३,३००, कार्बोरेटरचे २,६०० व मजुरीचे १,५०० असे साध्या कागदावर लिहिलेले पैसे मी तिथल्या तिथे देऊन टाकले. जुने भाग मागितले, तेव्हा ते भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले.

तीन आठवड्यांत स्टँडवर लावलेल्या गाडीखाली पेट्रोलचे थेंब पडू लागले, म्हणून मी ती साताऱ्याला एका वयस्कर मेस्त्रींकडे नेली, ज्यांचे सारे आयुष्य टू-स्ट्रोक गाड्यांवर गेले आहे. त्यांनी बॅटरीचा झोत टाकून आधी कार्बोरेटरच पाहिला. मूळ कार्बोरेटरच्या बॉडीवर मिकुनी या कंपनीच्या नावाची अक्षरे ओतीव असतात; माझ्या गाडीवरच्या बॉडीवर एकही अक्षर नव्हते आणि तिच्या कडा बोटाला खरखरीत लागत होत्या. मग मी बोअरचे सांगितल्यावर त्यांनी इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, उघडले. पिस्टनच्या माथ्यावर कार्बनचा काळा, टणक थर बसलेला होता, इतका की पट्टीने खरवडूनही तो सहज निघेना. "तीन आठवड्यांचा पिस्टन असा असतो का?" एवढेच ते म्हणाले. पिस्टन बदललेला नव्हता आणि बोअरला कोणी हातही लावलेला नव्हता.

मूळ बिघाड काय होता, हे त्यांनी मला समजावून दिले. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उडून जाते आणि खाली तपकिरी, चिकट राळ उरते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा धरते, त्यामुळे आतला धातूही गंजतो. ही राळ सर्वांत आधी पायलट जेट नावाच्या छोट्या पितळी नळीच्या सुईच्या टोकाएवढ्या छिद्रात बसते, आणि आयडलिंगचे, म्हणजे रेस न देता इंजिन चालू राहण्यापुरते, पेट्रोल तर त्याच वाटेने येते. चोकला मात्र पेट्रोलची स्वतंत्र वाट असल्यामुळे गाडी तेवढ्यावर चालते. कॉम्प्रेशन खरोखरच गेलेले असते, तर ती चोकवरही अशी सुरळीत चालली नसती. त्यांनी डबीतला एक जुना जेट ट्यूबलाइटसमोर धरून मला दाखवला, तेव्हा पलीकडचे काहीच दिसेना; क्लीनरमध्ये भिजवून हवा मारल्यावर त्याच छिद्रातून उजेडाचा टिपका दिसला. या कामाचे ते अडीचशे रुपये घेतात. जेटमध्ये तार घालू नये, कारण पितळ मऊ असते आणि छिद्र एकदा मोठे झाले की मिश्रण पुन्हा जुळत नाही, हेही त्यांनी आवर्जून सांगितले.

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी जोड तडकला किंवा इंजिनातल्या क्रँकचे ऑइल सील (हवा अडवणारी रबरी कडी) कडक झाले, तरीही आत जादा हवा शिरून गाडी चोक मागते, हे खरे आहे. पण तो दोषही बोअरचा नव्हे, आणि मेस्त्रीला तो गिऱ्हाइकासमोर दाखवता येतो.

आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, त्यामुळे तिच्या मूळ भागांना आज चांगली किंमत येते. माझा कार्बोरेटर कोणत्या कारणाने "संपला", हे मला तेव्हा कळले. जाब विचारायला गेलो, तर कार्बोरेटर आधीच फुटलेला होता असे गॅरेजवाल्याने तोंडावर सांगितले, आणि माझ्याकडे ना फोटो होता ना पक्के बिल. जुनी गाडी गॅरेजमध्ये सोडण्यापूर्वी कार्बोरेटरवरच्या अक्षरांचा फोटो काढून ठेवा, कार्बोरेटर आपल्यासमोर उघडायला लावा आणि काढलेला भाग हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे चेंबर रिकामा होतो.

मेस्त्रींनी फ्लोटची सुई (चेंबर भरल्यावर पेट्रोल अडवणारी) बदलून गळती थांबवली. गाडी सध्या त्या बिननावाच्या कार्बोरेटरवरच चालते आहे. वडील अजून तिच्यावरून शेतावर जातात, आणि त्यांच्या गाडीचा मूळ भाग गेला आहे हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.