४,८५० रुपयांचा ‘जर्मन’ फिल्टर

आधीच सांगतो, मी दूधखुळा नाही. १९ वर्षं बुलेट चालवतोय, इंजिनातले ठिणगीचे पॉइंट स्वतः सेट करतो. तरी गंडलो.

जुन्या बुलेट ३५० चं बॉबर, म्हणजे मडगार्ड कापून, जादा पार्ट काढून सुटसुटीत केलेली गाडी, करून घेतलं होतं. टाकी भंगारातली, आतून गंजलेली. कार्ब्युरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देतो तो भाग) कचरा यायला लागला म्हणून पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीखालची तोटी, आणि कार्ब्युरेटरच्या मध्ये फिल्टर टाकायचं ठरवलं. नाना पेठेत ६० रुपयांना मिळतो, मला माहीत होतं. पण ८० हजार घालून बनवलेल्या गाडीला ६० रुपयांचं प्लॅस्टिक लटकवायचं? या एका विचारावर असल्या लोकांची दुकानं चालतात.

गाडी बनवून देणाऱ्या कस्टमवाल्याने आतून फिल्टरची डबी आणली. चकचकीत अॅल्युमिनियम, ‘मेड इन जर्मनी’चं स्टिकर. “दादा, रेसिंगचा आहे. दोनच पीस आलेत.” फिल्टर ४,८५०, टाकी साफ करून आतून कोटिंग ३,५००, पाइप ९००, मजुरी १,२००. एकूण १०,४५०. बिल मागितलं तर म्हणे जीएसटी लागेल. आणि यूपीआयचा कोड मेहुण्याच्या नावाचा.

आता जिथे मला कळायला हवं होतं ते. फिल्टर मी हातात घेतला होता. स्टिकरचा एक कोपरा उचकटलेला होता आणि खाली सँडपेपरचे आडवे ओरखडे स्पष्ट दिसत होते. काहीतरी छापलेलं घासून काढलं होतं, ‘L’चा अर्धा पाय तर अजून शिल्लक होता! मी बोट ठेवून विचारलं, “हे काय?” तो म्हणाला, “मॅट फिनिश आहे दादा.” आणि मी मान डोलावली. आजूबाजूला कॉलेजची दोन पोरं उभी होती, त्यांच्यासमोर अडाणी दिसायला नको म्हणून. ती मान डोलावलेली आठवली की अजून कानशिलं तापतात.

डबीवर एमआरपी नव्हती. बाहेरून आलेल्या पॅकबंद मालावर एमआरपी आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता असावाच लागतो, २०११ पासूनचा नियम आहे. नसेल तर डबी परत द्या, गप्पा मारत बसू नका.

चौथ्या दिवसापासून गाडी ७० च्या पुढे गेली की गुदमरायची. दोन मिनिटं थांबलं की परत चालू. तो म्हणाला कार्ब्युरेटरचा किट गेलाय, १,१५०. मग कॉइल, १,४००. दिले! शेवटी खंबाटकी चढताना चारदा बंद पडली, मागे बायको बसलेली. किक मारून पाय सुजला. वाईपर्यंत टेम्पो, १,८००.

तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी कार्ब्युरेटरकडचा पाइप काढून बाटलीत धरला. धार नाहीच, थेंब. करवतीने फिल्टर कापला तर आत घट्ट घड्यांचा पिवळा कागद. “हा पंपाच्या गाडीचा. तिथे पंप पेट्रोल तीन बारच्या दाबाने ढकलतो. तुमच्या टाकीचं पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं, त्याला ही भिंत झाली.” भरधाव चालवली की कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी रिकामी होते, उभी केली की हळूहळू भरते. एवढं साधं. शिवाय पेट्रोलची दिशा दाखवणारा फिल्टरवरचा बाण उलटा बसवलेला, पाइप इंजिनाच्या तापणाऱ्या सिलिंडरच्या पाकळ्यांना टेकून नरम पडलेला. पेट्रोल तिथे गळलं असतं तर मी आज लिहीत नसतो. टाकीत टॉर्च मारला तर कोटिंगचा पत्ताच नाही, तांबूस खपल्या तशाच. हा टॉर्च तर मलाही मारता आला असता.

मिस्त्रींनी ६० चाच फिल्टर लावला, जाळीचा, कॉकच्या खाली आणि पाइपला सरळ उतार देऊन. तो अर्धा रिकामा दिसतो, घाबरू नका, चालतं. पाइप मात्र पेट्रोलचाच घ्या, पारदर्शक पाण्याचा नको. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये साधा पाइप कडक होऊन तडकतो.

चौकीत गेलो. “फिल्टरसाठी तक्रार?” असं म्हणून साहेब हसले, हवालदारही हसला. मग बिल कुठंय? नाही. मग गाडी बाहेर आणा. बाहेर आणली, तर आरसीत बदलाची नोंद नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ माहितीय का, दंड करू का? फसलेला मी, आणि कागद माझे तपासतायत! त्या कस्टमवाल्याच्या गॅरेजात अशा १५ गाड्या दिवसाढवळ्या कापतात, तिथे ५२ आठवत नाही. ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तर दुकानाचा नोंदणी क्रमांक द्या. तो माझ्याकडे असता तर फसलो असतो का? आठ दिवसांनी मेसेज आला, तक्रार निकाली. कोणी काढली, कशी, देव जाणे. एमआरपीची तक्रार घेऊन वजनमाप्यांच्या कार्यालयात गेलो, तर तिथला माणूस म्हणाला डबी आणा. डबी मी फिल्टर घेतला त्याच दिवशी गॅरेजच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली होती. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही म्हणे, पण पुरावा म्हणून माझ्याकडे मेहुण्याच्या नावाचा एक स्क्रीनशॉट आहे. तुम्ही निदान डबीचा, स्टिकरचा फोटो काढा आणि दुकानदाराकडून व्हॉट्सअॅपवर भाव लिहून घ्या.

एकूण १४,८००. बायकोला फिल्टरची किंमत अजून ४५० च सांगितलीय. वाचणाऱ्यांपैकी कोणी घरी येणार असेल, तर तेवढं सांभाळा.