क्रूझवरची टिप: आधीच भरायची, की शेवटच्या रात्री हातात द्यायची?

क्रूझचं बुकिंग करताना केबिन ठरते, पोर्ट चार्जेस लागतात आणि पैसे भरायच्या जरा आधी एक चौकोन समोर येतो: ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांची टिप, आत्ताच भरायची का? बरेच जण इथे थबकतात. अजून कुणी ताट वाढलेलं नाही, पाणी विचारलेलं नाही, मग बक्षिसी कसली? शंका रास्त आहे. पण तो चौकोन रिकामा सोडला म्हणजे टिप वाचली, असं मात्र होत नाही.

बहुतेक मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर हीच रक्कम रोज तुमच्या खात्यावर आपोआप चढते आणि प्रवास संपताना कार्डातून वळती होते. म्हणजे वाटा तीन आहेत. आधी भरा, रोज चढू द्या, किंवा गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन ती रक्कम कमी करून घ्या किंवा पूर्ण काढा, आणि मग मनाला येईल ते रोख द्या. पहिल्या दोन वाटांत फरक फक्त वेळेचा आहे. डोकं खाजवायचं ते तिसरीबद्दल.

आधी आकडे बघू. 2025 मध्ये रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीचा दर साध्या केबिनसाठी माणशी दिवसाला 18.50 डॉलर आणि स्वीटसाठी (मोठ्या, महागड्या केबिनसाठी) 21 डॉलर होता. कार्निव्हलचा 16 आणि 18, नॉर्वेजियनचा 20 आणि 25. चौघांचं कुटुंब सात रात्री रॉयल कॅरिबियनच्या साध्या केबिनमध्ये राहिलं तर 518 डॉलर होतात. डॉलर 88 रुपये धरला तर 45 हजारांच्या वर. मुलांचंही पूर्ण धरतात. कार्निव्हल 2 वर्षांखालच्यांना आणि नॉर्वेजियन 3 वर्षांखालच्यांना सोडते, पण दहा वर्षांच्या मुलीचे पैसे बापाइतकेच. रक्कम किरकोळ नाही, तेव्हा विचार करणाऱ्याला कंजूष म्हणण्यात अर्थ नाही.

पाकिटांचे दिवस

पूर्वी हे सगळं सुटसुटीत होतं. जेवणाची वेळ ठरलेली, टेबल ठरलेलं, आणि आठवडाभर तोच वेटर, तोच असिस्टंट वेटर, तोच हेड वेटर. शेवटच्या रात्री तिघांना तीन पाकिटं द्यायची. कुणाला किती द्यावं, याचा अंदाज कंपनीच छापून देत असे. ज्याने सेवा केली त्याच्याच हातात पैसे, हिशेब मिटला.

ही घडी मोडली ती जेवणाच्या वेळा मोकळ्या झाल्यामुळे. नॉर्वेजियनने 2000 मध्ये 'फ्रीस्टाइल' पद्धत आणली: केव्हाही या, कुठेही बसा. आज या रेस्टॉरंटमध्ये, उद्या बुफेत, परवा दुसऱ्याच मजल्यावर. मग पाकीट द्यायचं कुणाला? टिप सामाईक गल्ल्यात जाऊ लागली आणि रोजच्या आकारणीला सुरुवात झाली. रॉयल कॅरिबियन 2013 मध्ये त्या वाटेला लागली. त्याआधी ज्यांना तिथे हव्या त्या वेळी जेवायचं असे त्यांना ग्रॅच्युइटी आगाऊ भरावी लागे, बाकीच्यांना पाकिटं होतीच.

डिस्नेच्या जहाजांवर मात्र जुन्या पद्धतीची सावली अजून आहे. तिथे तुम्ही रोज वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये जेवता आणि तुमचे वेटरही तुमच्यासोबत फिरतात. रोजची रक्कम नेमक्या चार जणांसाठी असते: सर्व्हर, असिस्टंट सर्व्हर, हेड सर्व्हर आणि केबिन सांभाळणारा. पैसे कुणाला पोचतात हे ज्याला कळायला हवं असतं, त्याला ही रचना पटते. मलाही पटते.

गल्ल्यात कोण कोण असतं

इतर जहाजांवर गल्ला मोठा असतो. रॉयल कॅरिबियन सांगते की ही रक्कम जेवणघर, बार, स्वयंपाकघर, केबिन आणि हॉटेल विभागातल्या इतरांमध्ये वाटली जाते. म्हणजे बुफेतली ताटं उचलणारा आणि भांडी घासणाऱ्या यंत्रापाशी उभा असणारा त्यात येतो, आणि तो तुम्हाला कधीच दिसत नाही. लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढणाऱ्याचा चेहरा लक्षात राहतो, मागे पातेली घासणाऱ्याचा नाही; तसंच आहे हे. रोख टिप नेहमी हसऱ्या, बोलक्या, आपली भाषा येणाऱ्या माणसाकडे जाते. आपल्याकडच्या प्रवाशांच्या बाबतीत तर हमखास. जैन जेवण सांगितलेलं असतं, हेड वेटर रात्रीच उद्याचा मेनू दाखवून जातो, कुणीतरी न मागता हिरव्या मिरच्या आणून ठेवतो, आणि तो निघतो मडगावचा नाहीतर वेंगुर्ल्याचा. खिशातली नोट त्याच्याकडेच जाणार. ती जाऊ द्यावी, पण आपोआप लागलेली रक्कम काढून नव्हे.

त्यामागचं कारण बहुतेक प्रवाशांना माहीत नसतं. तुम्ही काउंटरवर जाऊन रोजची रक्कम काढली आणि वेटरला रोख दिलीत, तर काही कंपन्यांच्या नियमाप्रमाणे त्याला ती रोख गल्ल्यात जमा करावी लागते. रोजची रक्कम तशीच ठेवून वरून दिलेले पैसे मात्र त्याचे स्वतःचे. म्हणजे ज्याला थेट द्यायचं म्हणून खटाटोप केला, त्याच्याच हातातून पैसे निघून जातात. मनापासून थेट द्यायचं असणाऱ्यांसाठीही म्हणून ही तिसरी वाट आतबट्ट्याची ठरते.

मग पगार कुठे जातो, हा प्रश्न येतोच. बड्या कंपन्यांची जहाजं बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा देशांच्या झेंड्याखाली चालतात, त्यामुळे मायामीहून निघणाऱ्या जहाजावरच्या वेटरला अमेरिकेचं किमान वेतन लागू होत नाही. 2013 मध्ये अमलात आलेल्या सागरी कामगार करारानुसार 24 तासांत 14 तास आणि आठवड्यात 72 तासांपर्यंत काम घेता येतं. सहा ते नऊ महिन्यांचं कंत्राट आणि त्यात आठवड्याची सुट्टी नावाची गोष्ट नसते. मूळ पगार थोडा आणि मिळकतीचा मोठा वाटा ग्रॅच्युइटीचा, अशी रचना या धंद्यात मुरलेली आहे. माझं स्पष्ट मत: ही बक्षिसी नाहीच. हा पगार आहे, जो कंपनीने तिकिटातून बाहेर काढून वेगळ्या ओळीत टाकलाय, म्हणजे जाहिरातीतलं भाडं स्वस्त दिसावं. राग यावा तर कंपनीचा यावा. तो काउंटरवर काढला की चटका वेटरला बसतो.

आपल्याकडे हा राग जरा लवकर येतो, त्याचं कारणही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितलं की रेस्टॉरंटने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. पुण्यात किंवा ठाण्यात बिल आलं की 'सर्व्हिस चार्ज काढा' म्हणायला आपण शिकलो, आणि बरं झालं. पण तो युक्तिवाद परदेशी झेंड्याच्या जहाजावर जसाच्या तसा नेऊन चालत नाही. इथल्या हॉटेलातल्या वेटरमागे निदान राज्याच्या किमान वेतनाचा कायदा असतो. भर समुद्रातल्या वेटरमागे तो नाही.

आधी भरण्याचे फायदे आणि एक खाच

आधी भरलं तर दर गोठतो. कंपन्या दर वाढवतच असतात. रॉयल कॅरिबियनने 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षांच्या नोव्हेंबरमध्ये वाढवला. वाढीच्या आधी भरलेल्यांना सहसा जुनाच दर लागतो. शेवटच्या दिवशीचं बिल हलकं होतं, हे दुसरं. तिसरी गोष्ट चलनाची. जहाजावरचं खातं डॉलरमध्ये चालतं आणि भारतीय क्रेडिट कार्डावर त्यावर फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते ती जादा आकारणी) आणि त्यावरचा जीएसटी लागतो. एजंटमार्फत रुपयांत आधीच भरलं तर तो खर्च टळू शकतो. मात्र पॅकेजची रक्कम वाढली की त्यावरचा टीसीएसही, म्हणजे पैसे भरतानाच कापला जाणारा आगाऊ कर, वाढतो. तो प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण तोवर पैसे अडकून पडतात. एजंट डॉलरचा भाव काय लावतोय तेही विचारा. कधी कधी तिथेच सगळी बचत वाहून जाते.

खाच अशी: एजंटमार्फत आधी भरलेली ग्रॅच्युइटी जहाजावर काढता येईलच असं नाही. काउंटरवर 'तुमच्या एजंटशी बोला' असं उत्तर मिळू शकतं. ग्रुप टूरमध्ये तर ती बहुतेकदा पॅकेजमध्येच असते आणि तिला कुणी हात लावत नाही. प्रवासच रद्द झाला तर आगाऊ भरलेली ग्रॅच्युइटी परत मिळते, तेव्हा ती भीती नको. सेवा खरोखर वाईट मिळाली तर रक्कम कमी करायचा हक्क ज्यांना हातात ठेवायचा असेल, त्यांनी आधी न भरता रोज चढू द्यावी. तो हक्क वापरायचाच झाला तर पहिल्या-दुसऱ्या दिवशी हेड वेटरला सांगा, टेबल बदलून मागा. शेवटच्या सकाळी काउंटरच्या रांगेत उभं राहून पैसे परत घेतले तर जेवण काही सुधारत नाही. आणि घरी पोचल्यावर ईमेल टाकून उपयोग नाही. कार्निव्हलसारखी कंपनी प्रवास संपल्यावर बदल करतच नाही.

मुंबई-पुण्याच्या टूर कंपन्यांकडून जाणाऱ्यांनी आणखी एक विचारून घ्यावं. 'टिप्स समाविष्ट' या दोन शब्दांत क्रूझची ग्रॅच्युइटी आहे, की फक्त बसचालक आणि गाइडच्या टिप्स? दोन्ही वेगळ्या आहेत. व्हाउचरवर प्रीपेड ग्रॅच्युइटीची ओळ दिसली पाहिजे, आणि जहाजावर चढल्यावर पहिल्याच दिवशी ॲपवर खातं उघडून बघा, रोजची रक्कम पुन्हा चढत नाही ना.

बार आणि खास रेस्टॉरंटचा हिशेब वेगळा. रॉयल कॅरिबियनमध्ये पेयांवर 18 टक्के आणि नॉर्वेजियनमध्ये 20 टक्के आधीच लावलेले असतात. तरीही पावतीवर टिपची रिकामी ओळ असते. ती रिकामीच राहू द्या, सही करा आणि उठा. तिथे सवयीने 15 टक्के लिहिणारा दुप्पट देऊन बसतो.

मग कुणी काय करावं

ठरावीक टेबलावर रोज जेवणार असाल, लहान मुलं किंवा पथ्य असलेली आजी सोबत असेल, तर ग्रॅच्युइटी आधी भरा आणि वरून थोडी रोख बाजूला ठेवा. अशा कुटुंबांसाठी वेटर आठवडाभर जे करतो ते गल्ल्याच्या वाट्यात पुरतं मोजलं जात नाही. ज्यांचं बरंचसं खाणं बुफेत होणार आहे त्यांनी फक्त रोजची रक्कम राहू द्यावी, रोख नाही दिली तरी चालेल. बुफेत कुणा एकाला पाकीट देणं अवघडच असतं, आणि तिथली माणसं त्या गल्ल्यावरच अवलंबून असतात.

बजेट खरंच ताणलेलं असेल तर? तर टिप नव्हे, जहाज बदला. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने 2019 पासून वेगळी ग्रॅच्युइटी बंद केली. ती भाड्यातच असते. ब्रिटनचीच मरेला क्रूझेस, जर्मनीच्या आयडा आणि माइन शिफ, महागड्यांत सिल्व्हरसी, सीबोर्न, रीजंट यांचंही तसंच. दोन क्रूझची तुलना करताना एका भाड्यात टिप आहे आणि दुसऱ्यात नाही हे विसरलं की हिशेब साफ चुकतो. चौघांचे ते 518 डॉलर एका बाजूला मिळवूनच तुलना करा.

भाड्यात टिप म्हणजे कर्मचाऱ्याचं भलंच झालं, असंही समजू नये. पी अँड ओ ही जुनी पेढी. ब्रिटिश बोटींवर गोव्याचे स्वयंपाकी आणि स्टुअर्ड एकोणिसाव्या शतकापासून जात आलेत. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावागावांच्या नावाने चालणाऱ्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या सामाईक राहण्याच्या जागांत, हे तारवटी दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात राहत. त्याच कंपनीच्या आर्केडिया जहाजावरच्या भारतीय कर्मचाऱ्यांनी पगाराच्या प्रश्नावर सिएटल बंदरात निदर्शनं केल्याची बातमी 2012 मध्ये ब्रिटनमध्ये गाजली होती. टिपची ओळ पुसली तरी पगाराचा प्रश्न आपोआप पुसला जात नाही. प्रवाशाची कटकट मात्र नक्की कमी होते.

रोख द्यायची ठरवलीत तर घरूनच 5 आणि 10 डॉलरच्या नोटा घेऊन निघा. रुपये त्याला तिथे निरुपयोगी असतात, आणि 100 ची नोट मोडायला काउंटरवर पुन्हा रांग. आठवड्याच्या प्रवासात वेटरला 20 आणि असिस्टंटला 10 डॉलर, रोजच्या ग्रॅच्युइटीच्या वर, हे माझ्या मते पुरेसं आहे. जास्त खास केलं असेल तर तुमची मर्जी. शेवटच्या रात्रीपर्यंत थांबू नका, त्या रात्री टेबलांची धांदल असते. आदल्या रात्री द्या. आणि प्रवासानंतर कंपनीचा सर्व्हे ईमेलने येतो, त्यात त्याचं नाव बॅजवर होतं तसं, बरोबर स्पेलिंगमध्ये लिहा. ते फुकट आहे, आणि पुढच्या कंत्राटाच्या वेळी अशी नावं बघितली जातात.