९८०० छापलेला सेल

आमच्याकडं टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आतल्या बॅटरीला सेल. म्हणून सांगलीत दुकानात गेल्यावर मी म्हणालो, "बॅटरीचे सेल दाखवा, चार्जिंगचे." तिथूनच माझी अक्कल उघडी पडली असावी.

वाळवा तालुक्यात ऊस आहे म्हटल्यावर रात्री दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी पाजायला, जाणं आलंच. शेतीची लाईट रात्रपाळीची असली की दोन वाजता काय आणि तीन वाजता काय, सरीत उभं राहावं लागतं. त्यात फडात बिबट्याची भीती. म्हणून दोन वर्षांपूर्वी एक दणकट, लांब झोताची टॉर्च घेतली होती. तिच्यात १८६५० नावाचा एकच लिथियम सेल बसतो. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, म्हणून ते नाव. सोबत आलेल्या सेलवर २६०० एमएएच लिहिलेलं होतं, एमएएच म्हणजे सेलात किती वीज साठते त्याचं माप. तो जुना झाला, म्हणून नवीन घ्यायला गेलो.

दुकानदारानं लाल वेष्टनाचे सेल पुढं ठेवले. वर ठळक अक्षरात ९८००. किंमत १५० रुपये. शेजारी ५५० चा एक होता, त्याच्यावर ३४००. "आकडा बघा की मालक," तो म्हणाला, "तुमच्या जुन्याच्या चौपट चालंल." हिशेब मलाही पटला. चार घेतले. पक्कं बिल घेतलं तर जीएसटी लागेल म्हणाला, मीही नको म्हणालो. ही चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही.

फेब्रुवारीतली रात्र. टॉर्च फुल्लवर टाकली, पाच-सात मिनिटांत झोत पिवळट पडला, लुकलुकला आणि गेला. दुसरा सेल घातला, तीच गत. मोबाईलच्या उजेडात सरीचं तोंड दिसतं, पण बांधाला खेकड्यानं पाडलेलं भोक दिसत नाही. पाणी पलीकडं कधी गेलं कळलंच नाही. पलीकडं तात्यांची शिजवलेली हळद वाळत घातलेली होती.

सकाळी दुकानात गेलो तर "वापरलेला माल परत नाही, चार्जरच खराब असंल तुमचा." बिल नसल्यावर भांडणार कशाच्या जोरावर? नाहीतर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर फिरवता आला असता.

पुतण्या आयटीआयला आहे. तो म्हणाला, आधी वजन करा. ओळखीच्या सराफाकडं गेलो, काट्यावर सेल ठेवला. सराफानं विचारलं, "काय, मोड आणलीय?" जुना सेल ४६ ग्रॅम भरला, नवा ३१. चांगला १८६५० सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. हलका म्हणजे आत मालच कमी. पुतण्यानं एकाचं वेष्टन जपून सोललं (तुम्ही हे करू नका, आतला सगळा पत्रा ऋण टोक असतो, वरच्या टोकाशी धातू टेकला की शॉर्ट). आत दुसरंच, खरवडलेलं वेष्टन निघालं आणि बुडाला वेल्डिंगचे दोन ठिपके. म्हणजे कुठल्यातरी जुन्या पॅकमधून उपटलेला सेल. उरलेल्यांतला एक त्यानं मोजणाऱ्या चार्जरवर लावला, १०४० एमएएच भरले.

मुळात ९८०० चा १८६५० सेल कुणी बनवतच नाही. या मापात ३६०० ते ४००० च्या आसपास गाडी थांबते. त्याहून जाड २१७०० मापाचा सेल ५००० ते ६००० पर्यंत जातो, पण तो ७० ग्रॅमचा असतो आणि या टॉर्चमध्ये शिरतच नाही.

दुसरी गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. नुसता साठा बघून भागत नाही, सेल एका वेळी किती अँपिअर, म्हणजे किती करंट, देऊ शकतो तेही बघावं लागतं. एका डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) सगळ्यांनी एकदम मोटारी चालू केल्या की व्होल्टेज पडतं आणि मोटार गुरगुरत बसते. तसंच हे. फुल्लवर माझी टॉर्च पाच-सहा अँपिअर ओढते. थकलेल्या सेलचं व्होल्टेज तेवढ्यानं बसतं आणि तो तापतो. मंद उजेडावर तोच सेल अर्धा-पाऊण तास चालायचा, म्हणून दुकानात दाखवताना झकास दिसला. तेव्हा टॉर्चच्या कागदावरचे अँपिअर आधी वाचा, सेल त्याहून वरचा घ्या. संरक्षणाचं सर्किट बसवलेला सेल दोन-चार मिलिमीटर लांब असतो, झाकण लागतंय का ते दुकानातच बघा. दोन सेलांची टॉर्च असेल तर एक जुना एक नवा अशी जोडी घालू नका. आणि सुटा सेल किल्ल्या-चिल्लरीबरोबर खिशात टाकू नका.

मी शेवटी ५५० चाच घेतला, दुसऱ्या दुकानातून, बिलासकट. काट्यावर ४७ ग्रॅम.

तात्यांची हळद आम्ही दोघा भावांनी तीन दिवस उलथून पुन्हा वाळवली. पण भिजलेल्या दोन पोत्यांचा रंग उतरला तो उतरलाच. सांगलीच्या सौद्यात ती बाकीच्या मालापेक्षा कमी दरानं गेली, आणि फरकाचे पैसे मी तात्यांच्या हातात ठेवले. त्यांनी ते मोजले नाहीत, नुसते खिशात घातले.