सिडकोतील आमची जुनी पिठाची गिरणी

औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सिडको वसाहतीतल्या एन-7 भागातील या गिरणीत आमच्या घरचे दळण 1984 पासून जाते, म्हणून हा अभिप्राय थोडा लांबणार आहे. ज्वारीच्या दळणासाठी या शहरात मला माहीत असलेली ही सर्वांत भरवशाची गिरणी आहे. दगड फार आवळले की पीठ बारीक निघते खरे, पण ते तापते आणि भाकरी थापताना काठाला चिरा पडतात. येथे धान्य बेताने सोडतात, दगडांना वेळेवर टाकी लावतात, म्हणजे छिन्नीने ते पुन्हा खरबरीत करतात, आणि डबा हातात घेतला तर तो जेमतेम कोमट लागतो. आठवड्याने काढलेल्या पिठाचीही विरी, म्हणजे भाकरी जुळून येण्यापुरता चिकटपणा, टिकून असते, हा माझा कित्येक वर्षांचा अनुभव आहे.

आम्ही अंबडहून येथे राहायला आलो, तेव्हा ही वस्ती नवीच होती. सिडको या नगरे वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची स्थापना 1970 मध्ये झाली आणि जुन्या औरंगाबादच्या पूर्वेला, जालना रस्त्याच्या दोन्ही अंगांना, एन-1, एन-2 अशा क्रमांकांच्या वसाहती उभ्या राहत गेल्या. क्रमांकापलीकडे त्यांना नाव नव्हते आणि एका साच्याच्या घरांच्या ओळीत पाहुण्यांना घर सापडत नसे, त्यामुळे आई पत्ता सांगताना गिरणीचीच खूण सांगायची. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारे कामगार, शिक्षक, कचेरीतले कारकून अशी नाना गावांहून आलेली कुटुंबे येथे प्रथम भेटली ती दळणाच्या रांगेत. कोणाकडे बीडकडची मालदांडी ज्वारी आली आहे, कोणाच्या गावी यंदा शाळू पिकला नाही, हे डब्यांवरून कळत असे. पावसाने ओढ दिलेल्या वर्षी गावाकडून येणारे पोते आले नाही, म्हणजे घरात विकतचे धान्य आले, हे शेजारणींना न सांगता समजायचे आणि त्यावर कोणी काही बोलत नसे. त्या न बोलण्यातला आदर मला आजही आठवतो.

धान्याचा क्रम ही या गिरणीची खरी शिस्त आहे. सकाळी आधी ज्वारी, मग गहू, आणि हरभऱ्याची डाळ शेवटी. दिवाळीपूर्वी चकलीच्या भाजणीसाठी वेगळा दिवस ठेवतात आणि एकादशीच्या आदल्या दिवशी चक्की पूर्ण झाडून मगच भगर दळतात. भोगीच्या आधी बाजरीची गर्दी असते, तेव्हा मात्र दोन दिवस आधी डबा ठेवावा, पण बाजरीचे पीठ लवकर कडू होते, म्हणून फार आधी दळून आणण्यात अर्थ नाही. हुलगे घेऊन गेलात, तर शेंगोळ्यांसाठी ते किती जाडसर हवेत हे तुम्हाला सांगावे लागणार नाही.

उणिवाही आहेत. रविवारी नंबर लावण्याची काही व्यवस्था नाही, डबे ओळीत ठेवलेले असले तरी मागाहून आलेला डबा कधी पुढे सरकतो. गेल्या वर्षी माझ्या ज्वारीत गव्हाच्या पिठाचा अंश आला होता. मी परत नेली तेव्हा वाद न घालता दुसरी ज्वारी त्यांनी दळून दिली, तरी आमच्याकडे गव्हाचे पथ्य असलेला माणूस असल्यामुळे तो दिवस मला काळजीत गेला. असे पथ्य असेल, तर सकाळी पहिल्याच घाण्याला जावे आणि तसे स्पष्ट सांगावे. आत पीठ फार उडते, दमेकऱ्यांनी बाहेरच थांबावे.

आता आजूबाजूची बहुतेक घरे मजले चढवून मोठी झाली आहेत, पाकिटबंद पीठ कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते आणि रांग आखूड झाली आहे. गिरणी पूर्वीच्या मालकांचा मुलगा चालवतो. आमच्या पत्र्याच्या डब्यावर आईने 1984 साली तेलरंगाने घालून घेतलेला घर क्रमांक अजून वाचता येतो. आम्ही ते घर सोडून बरीच वर्षे झाली. तरी मी दुसऱ्या भागातून रिक्षाने डबा घेऊन जाते, तेव्हा त्या क्रमांकानेच गिरणीवाला मला हाक मारतो.