अपघाताची भरपाई: दावा न्यायाधिकरण की ग्राहक आयोग?

म्हापसा-पणजी रस्त्यावर भरधाव गाडीने स्कूटरला ठोकरलं, तर दाद मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मागायची, तीही सहा महिन्यांच्या आत. कळंगुटला पैसे भरून पॅरासेलिंगला गेलेल्याचा जुना दोर तुटला नि पाय मोडला, तर ग्राहक आयोग. तिथे मुदत दोन वर्षं.

न्यायाधिकरण फक्त नुकसान मोजतं. २८ वर्षांच्या माणसाला कायमचं अपंगत्व आलं, तर वार्षिक कमाईतली घट गुणिले १७. वयानुसार बदलणारे हे गुणक सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरवून दिले. उपचार आणि वेदनांचे पैसे वेगळे. चालक कितीही बेफिकीर असो, शिक्षा म्हणून रक्कम सहसा वाढत नाही. बहुतेक वेळा पैसेही विमा कंपनीच देते.

आयोगाला मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३९ नुसार दंडात्मक भरपाईचा अधिकार आहे. जलक्रीडावाल्यांच्या हलगर्जीवर मला हेच खरं हत्यार वाटतं, कारण झळ थेट त्यांच्या गल्ल्याला बसते. पण ही भरपाई आपोआप मिळत नाही. जनरल मोटर्सच्या खटल्यात राष्ट्रीय आयोगाने लावलेले २५ लाख सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केले. मूळ तक्रारीत तशी मागणीच नव्हती. म्हणून वकिलाला पहिल्याच मसुद्यात ती लिहायला सांगा. पावती जपा, आणि शक्य असेल तर तुटलेल्या दोराच्या टोकाचा जवळून फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.