झिरो शुगर कोला: रोज एक कॅन, आठ महिने

वार्षिक तपासणीत एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, "काठावर आहात, गोड आवरा." दुपारच्या जेवणानंतर ३०० मिलीचा कोला ही माझी दहा-बारा वर्षांची सवय. ती मोडणं जमेना, म्हणून लाल डब्याच्या जागी काळा आणला. त्याला आता आठ महिने झाले.

आधी चव. पहिला आठवडा जिभेवर मागे काहीतरी चिकटून राहिल्यासारखं वाटायचं, मग सवय झाली. एक मात्र सांगतो, एप्रिल-मे महिन्यात डबे गाडीच्या डिकीत ठेवू नका. उष्णतेनं त्यात साखरेऐवजी घातलेलं अ‍ॅस्पार्टेम मोडतं आणि गोडवा उतरतो. माझे सहा डबे असेच फुकट गेले.

साध्या कॅनमध्ये तीसेक ग्रॅम साखर असते. आठ महिन्यांचा हिशेब मांडला तर सात किलोच्या वर साखर पोटात गेली नाही. आमच्या घरी तेवढी साखर दिवाळीच्या फराळालाही लागत नाही! पहिल्या तीन महिन्यांत वजन साडेतीन किलो उतरलं. मग काटा जागचा हलेना. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. 'कोल्यात तर काहीच नाही' म्हणत मी संध्याकाळी फरसाणाची दुसरी वाटी घ्यायला लागलो होतो. जागतिक आरोग्य संघटनेनंही मे २०२३ मध्ये सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर भिस्त ठेवू नका, दीर्घकाळात त्याचा फायदा दिसत नाही. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी मात्र ती शिफारस नाही. हे पिणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार जास्त दिसतात असंही पाहण्यांत आलंय. पण वजन किंवा शुगर वाढलेली माणसंच मुळात या डब्यांकडे वळतात (मीच बघा ना), त्यामुळे दोष कुणाचा हे सांगणं अवघड.

आता कॅन्सर. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अ‍ॅस्पार्टेमला '२बी', म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं, ती बातमी मेहुणा मला अजून महिन्याला एकदा पाठवतो. त्याच यादीत सुपारी पहिल्या गटात आहे, म्हणजे खात्रीनं कर्करोगकारक, आणि मेहुणा दिवसाला चार पुड्या चघळतो. त्याच वेळी अन्नातल्या घटकांची सुरक्षितता तपासणाऱ्या दुसऱ्या समितीनं रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम हीच कायम ठेवली. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला ९ ते १४ कॅन लागतील. मी एक पितो, झोप उडाली नाही. फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी मात्र अ‍ॅस्पार्टेमपासून लांबच राहायचं. डब्यावर तसं छापलेलंही असतं.

मला त्रास झाला तो दातांचा, आणि त्याची कुणी चर्चाच करत नाही. सहाव्या महिन्यात थंड पाण्यानं झिणझिण्या यायला लागल्या. दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, "कोला कसा पिता?" मी कामाच्या टेबलावर तासभर घोट घोट घ्यायचो. साखर नसली तरी फॉस्फोरिक आम्ल असतंच, आणि ते दाताचं वरचं कवच झिजवतं. आता जेवतानाच दहा मिनिटांत संपवतो, वर पाण्यानं चूळ भरतो आणि लगेच ब्रश करत नाही.

शिवाय कॅफिन. सातनंतर कॅन उघडला की रात्री एक वाजेपर्यंत छताकडे बघत पडायचं. तो प्रयोग दोनदाच केला.

परवाचं एचबीएवनसी ५.८. श्रेय कोल्याला द्यावं की बायकोनं सुरू करायला लावलेल्या पर्वतीच्या फेऱ्यांना, माहीत नाही. माझा कौल पर्वतीला. गोडाची ओढ तर तसूभरही कमी झालेली नाही. बिनसाखरेचा चहा अजून काढ्यासारखा लागतो, दोन चमचे घातल्याशिवाय घशाखाली उतरत नाही. रोज जिभेला तेवढंच गोड मिळत राहिलं तर ती कशाला बदलेल?

साखरेचा कोला रोज पिणाऱ्याला मी हा डबा जरूर सुचवीन. जो आज काहीच पीत नाही, त्यानं याच्या वाटेलाही जाऊ नये. मी आता रोजच्या एकावरून आठवड्याला दोनवर आलोय, बाकी दिवशी ताक. फ्रिजमध्ये चार कॅन उरलेत, ते रविवारच्या बिर्याणीसाठी.