हेड उतरवण्याआधी: निळं रसायन घ्यावं की प्रेशर टेस्टर?

रेडिएटर रॉडिंग करून (नळ्या सळईने साफ करून) आणला, वॉटर बॉडी म्हणजे पाण्याचा पंप नवा बसवला, होज आणि क्लिपा बदलल्या. तरी गोव्यातल्या मोल्यातून अनमोड घाटाचा चढ लागला की भरलेल्या ट्रकाचा तापमानाचा काटा लालकडे सरकतो. अशा वेळी गॅरेजमध्ये पहिला शब्द निघतो तो हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधल्या पत्र्याचा. हेड उतरवायचं म्हणजे गाडीचे धंद्याचे दिवस बुडणार आणि फेसिंगचा (हेडचा तळ घासून सपाट करण्याचा) खर्च वेगळा. त्यामुळे इंजिनातली हवा खरोखर पाण्यात शिरते आहे का, याची आधी खात्री करून घ्यावी. त्यासाठी तीन रीती चालतात: झाकण काढून बुडबुडे बघणं, निळ्या रसायनाची चाचणी आणि प्रेशर टेस्टर. दोन-तीन गाड्यांचा मालक किंवा लहान गॅरेजवाला यांपैकी एकाच साधनावर पैसे घालणार असेल, तर त्याच्यासाठी हे लिहितो आहे.

झाकण काढून बघण्याबद्दल फार लिहायला नको. ते फुकट आहे, पण दुरुस्ती होऊन दोन दिवसही झाले नसतील तर फसवं आहे. सगळं पाणी काढून पुन्हा भरलं की हवा हेडच्या वरच्या भागात, हीटरच्या नळ्यांत आणि बंद थर्मोस्टॅटच्या मागे अडकते. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडायला लागतो. त्याच्या कडेचं बारीक भोक बसवताना वरच्या बाजूला ठेवलं नसेल, तर तोवर हवेला बाहेर पडायला वाटच नसते. मग गाडी दोन-तीन वेळा तापून पूर्ण थंड होईपर्यंत बुडबुडे येतच राहतात. भरताना अडकलेल्या हवेचे बुडबुडे आणि फुटलेल्या गॅस्केटचे बुडबुडे डोळ्यांना सारखेच दिसतात.

निळं रसायन हा फरक दाखवतं, आणि तोच त्याचा मोठा गुण. काचेची नळी रेडिएटरच्या तोंडावर बसवायची, रबरी फुगा दाबून पाण्यावरची हवा त्या द्रवातून ओढायची. हवेत कार्बन डायऑक्साइड असेल तर रंग बदलतो: पेट्रोल इंजिनाला पिवळा, डिझेलला हिरवा. साधी अडकलेली हवा रंग बदलत नाही. चाचणीआधी तोंडातलं पाणी चार-पाच बोटं खाली आणावं लागतं. नाहीतर कूलंट वर ओढला जातो आणि द्रव वाया जातो. रंग स्पष्ट हिरवा झाला तर शंका फारशी उरत नाही: गॅस्केट, हेडला तडा किंवा ईजीआर (जळलेला वायू परत इंजिनात फिरवणारी व्यवस्था) असलेल्या गाडीत तो वायू पाण्याने थंड करणारा ईजीआर कूलर. हा शेवटचा बीएस-६ गाड्यांत विसरू नये. तो फुटला तरी रंग तसाच हिरवा होतो, आणि हेड विनाकारण उतरवलं जातं.

मात्र रंग बदलला नाही, तर त्या उत्तराचं काय करायचं? माझं मन या रसायनावरून उडालं ते इथेच. डिझेल इंजिन आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून नुसतं चालू असताना, हवा भरपूर घेतं आणि डिझेल अगदी थोडं जाळतं, त्यामुळे जळलेल्या वायूत कार्बन डायऑक्साइड कमी असतो. शिवाय गॅस्केटमधून कॉम्प्रेशनच्या वेळी जे निसटतं ती निव्वळ हवाच. म्हणजे गॅस्केट फुटलेलं असूनही द्रव निळाच राहू शकतो. हा दोष जोर पडल्यावरच नीट दिसतो, पण उघड्या तोंडावर काचेची नळी धरून भरलेली गाडी घाटात नेता येत नाही. गाडी उभी ठेवून रेसिंग दिलं तरी घाटातल्यासारखा जोर पडत नाही. पेट्रोलच्या मोटारीत हे साधन उत्तम, ट्रकात अर्धं उत्तर देणारं. कोणाचा अनुभव वेगळा असू शकेल, पण 'निळं आहे, म्हणजे हेड ठीक' यावर मी गाडी सोडणार नाही.

प्रेशर टेस्टर म्हणजे हातपंप, मीटर आणि वेगवेगळ्या तोंडांचे अडॅप्टर. विकत घेताना आपल्या ट्रकाच्या तोंडाला बसणारा अडॅप्टर आहे ना, एवढं दुकानातच बसवून पाहा. संचात बरेचसे अडॅप्टर मोटारींचे असतात, ही त्याची डोकेदुखी. इंजिन थंड असताना पाणी काठोकाठ भरा आणि झाकणावर छापला असेल तेवढाच दाब द्या, उदाहरणार्थ ०.९ बार. त्याहून जास्त देऊ नका, जुन्या रेडिएटरचे जोड सुटतात. पंधरा-वीस मिनिटं काटा हलला नाही तर बाहेरची गळती नाही. उतरला तर आधी नव्या क्लिपा, मग वॉटर बॉडीच्या खालचं भोक, मग हीटरच्या नळ्या पाहा. बाहेर कुठेच ओल नसेल तर ऑइलची कांडी काढून बघा. ओल्या लायनरच्या (सिलिंडरच्या नळीला बाहेरून थेट पाणी लागणाऱ्या) इंजिनात खालच्या रबरी रिंगांतून पाणी ऑइलच्या चेंबरात उतरतं.

खरी चाचणी यानंतरची. दाब शून्यावर आणा, टेस्टर तसाच ठेवा आणि थंड इंजिन चालू करा. पाणी तापून फुगतं तेव्हा काटा हळूहळू चढतो. वरचा होज हाताला अजून थंड असताना पहिल्या एक-दोन मिनिटांतच काटा उसळला किंवा थरथरू लागला, तर पाण्यात बाहेरून दाब शिरतो आहे. तो कार्बन डायऑक्साइडचा असो की साध्या हवेचा, मीटरला फरक पडत नाही. रसायन जिथे मुकं राहतं तिथे हा बोलतो. काटा झाकणाच्या आकड्याला पोचण्याआधी इंजिन बंद करून दाब सोडा.

काटा उसळला तरी लगेच हेडवर जाऊ नका. एअर ब्रेकच्या बहुतेक ट्रकांत कॉम्प्रेसरचं हेड इंजिनच्याच पाण्याने थंड होतं, आणि त्याचं गॅस्केट फुटलं की हुबेहूब हीच लक्षणं दिसतात. गाडीच्या चाकांना उटी (अडसर) लावून हवेच्या टाक्या रिकाम्या करा आणि इंजिन चालू ठेवून टेस्टरवर नजर ठेवा. टाक्या भरून सात-आठ बारच्या आसपास कॉम्प्रेसर मोकळा झाला आणि त्याच क्षणी काट्याची थरथर थांबली, तर दोष कॉम्प्रेसरचा. ते गॅस्केट इंजिनच्या हेडच्या मानाने फारच लहान काम आहे. इथे रसायनाचाही उपयोग आहे, हे मान्य करायला हवं: बुडबुडे भरपूर आणि रंग निळा, तर संशय कॉम्प्रेसरकडेही जातो.

गोव्यात टेस्टरकडे कल झुकायला आणखी एक कारण आहे. २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, आणि डिचोली-सांगे भागातले कित्येक टिपर वर्षानुवर्षं उभे राहिले. अशा गाडीत झाकणाचं रबर सुकलेलं असतं आणि ते कोणी तपासत नाही. टेस्टरच्या अडॅप्टरवर झाकणही तपासता येतं. ०.९ बार धरणाऱ्या झाकणाखाली पाणी साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, दाब न धरणाऱ्या झाकणाखाली १०० ला उकळतं. बाकी सगळं चोख असूनही अशी गाडी घाटात पाणी फेकते, आणि दोष जातो नुकत्याच रॉडिंग केलेल्या रेडिएटरला.

दाब वीस मिनिटं टिकला, थंड इंजिनावर काटा उसळला नाही, झाकणही धरतं, तर हेडला हात लावू नका. जोराने रेसिंग देऊन खालचा होज आत दबतो का पाहा. दबत असेल तर त्यातली स्प्रिंग घालायची राहिली आहे किंवा रेडिएटर तुंबला आहे. सपाट रस्त्यावर वेगात गाडी थंड राहते आणि घाटात सावकाश चढतानाच तापते, तर व्हिस्कस फॅन (तापल्यावर जोरात फिरणारा पंखा) बघा. आणि इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) सोडवून त्याच्या आणि रेडिएटरच्या मधली फट बघा. खाणीच्या वाटेवरची तांबडी धूळ तिथे गाद्यांसारखी बसते, पुढून पाहिलं तर दिसत नाही, आणि धुवायची ती इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने. जास्त दाबाने फिन वाकतात.